तब्येत सुधारली म्हणजे काय झालं?

कराडकडच्या एका घरात शिरू. हे घर मी पाच-सहा घरांच्या भिंती जोडून उभं केलंय, तेव्हा पत्ता शोधत बसू नका. घरातले तात्या पंचावन्न वर्षांचे. यकृत बदलून चौदा महिने झाले. संध्याकाळी ते ओट्यावर खुर्ची टाकून बसतात आणि जाणारा-येणारा थांबून म्हणतो, "तात्या, तब्येत सुधारली की हो!"

म्हणणाऱ्याचं चुकत नाही. ऑपरेशनच्या आधीचे तात्या गावानं पाहिलेत. डोळे हळदीसारखे, हातापायांच्या काड्या आणि पोट घागरीएवढं. आता गाल भरलेत, हनुवटीखाली एक घडी आलीय, लेंग्याची नाडी नव्यानं ओवावी लागली. आई ऐंशीच्या आहेत. त्या दर अमावस्येला मीठमोहऱ्या ओवाळून लेकाची दृष्ट काढतात.

'तब्येत' हा शब्द मराठीत दोन नोकऱ्या करतो. 'तब्येत बरी नाही' म्हणताना तो प्रकृतीबद्दल बोलतो, आणि 'काय तब्येत कमावलीय' म्हणताना अंगावरच्या मांसाबद्दल. वाळलेला माणूस आजारी आणि भरलेला माणूस धट्टाकट्टा, हे आपल्या भाषेतच मुरलेलं आहे. दुष्काळ पाहिलेल्या मुलखात ते मुरणारच. पण यकृत प्रत्यारोपणानंतरच्या आयुष्याबद्दल बोलायचं तर या दोन तब्येती आधी सोडवून घ्याव्या लागतात, कारण इथे एक सुधारताना दुसरी बिघडू शकते.

तात्यांच्या घरी एक वही आहे. त्यांच्या मिसेस, म्हणजे काकू, त्यात सगळं लिहितात. वजनाच्या रकान्यातले तीन आकडे पाहा. ऑपरेशनला नेलं त्या दिवशी ७२ किलो. घरी आणलं तेव्हा ५९. आणि आज ७४. वही म्हणते, दोनच किलो वाढले. वही खोटं बोलत नाही, पण खरंही सांगत नाही. त्या ७२ मधले बारा-तेरा किलो पाणी होतं. जलोदराचं पोटातलं आणि पायांवरच्या सुजेचं. ते निघून गेल्यावर उरलेले ५९ किलो हे तात्यांचं खरं वजन; डॉक्टर त्याला 'ड्राय वेट' म्हणतात. तिथून ते चौदा महिन्यांत पंधरा किलोंनी वाढले. पाण्याची जागा भरून निघाली. कशानं, हाच या प्रकरणाचा प्रश्न आहे.

जुनी माणसं ज्याला 'खाल्लेलं अंगी लागणं' म्हणतात, ते काम मुख्यतः यकृताचं. जेवणातली साखर आतड्यातून थेट यकृताकडे येते. ते ती ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं आणि रात्री आपण झोपलेलो असताना थोडी थोडी रक्तात सोडतं. यकृत निबर होत जाणाऱ्या सिरॉसिसमध्ये ही कोठीच आक्रसते. मग रात्री जेवून झोपलेला रुग्ण पहाटेपर्यंत उपाशी पडतो. एका रात्रीनंतर त्याच्या शरीराची जी अवस्था होते, ती निरोगी माणसाची दोन-तीन दिवसांच्या कडक उपासानंतर होते. कोठी रिकामी म्हटल्यावर शरीर स्नायू मोडायला काढतं. स्नायूंतल्या प्रथिनांपासून साखर बनवायची आणि मेंदूला पुरवायची, असा हा रोजचा रात्रपाळीचा धंदा. दोन-तीन वर्षं तो चालला की दंड, मांड्या, खांद्यांचे गोळे झिजतात, आणि पोटातल्या पाण्यामुळे वजनकाट्याला त्याचा पत्ता लागत नाही.

नवं यकृत आल्यावर कोठी पुन्हा भरते. कावीळ काही दिवसांत ओसरते, रक्त गोठू लागतं, डोकं साफ होतं. जिभेची चव परत येते आणि भूक अशी लागते की माणूस स्वतःच चकित होतो. पण गेलेले स्नायू आपोआप परत येत नाहीत. खाण्यातली जास्तीची ऊर्जा चरबी होऊन बसते, आणि तीही बहुधा पोटात. ब्रिटनमधल्या सुमारे सहाशे रुग्णांच्या एका पाहणीत पहिल्या वर्षाअखेर ड्राय वेटवर साधारण ५ किलो आणि तिसऱ्या वर्षाअखेर साडेनऊ किलो वाढ दिसली होती. तात्या त्या हिशेबाच्या बरेच पुढे आहेत. त्यांच्या अंगी लागलंय खरं, पण दंडांना नाही.

हा प्रश्न तसा नवा आहे, आणि तो पडावा हेच एका अर्थी मोठं यश. १ मार्च १९६३ ला डेन्व्हरमध्ये थॉमस स्टार्झल यांनी माणसावरचं पहिलं यकृत प्रत्यारोपण केलं, तेव्हा तीन वर्षांचं ते मूल टेबलावरच रक्तस्रावानं गेलं. १९६७ मध्ये एक लहान मुलगी वर्षभराहून थोडी जास्त जगली आणि तो विजय मानला गेला. त्या काळी कुणी रुग्णाच्या कमरेचं माप घेत नव्हतं. घ्यायला रुग्ण उरायला हवा. नवं यकृत बसवता येत होतं, पण शरीर ते आपलं मानत नव्हतं. 

त्यावरचा तोडगा मातीतून आला. अक्षरशः मातीतून. नॉर्वेच्या हार्डांगरविडा पठारावरून आणलेल्या मातीत एक बुरशी सापडली आणि तिच्यातून सायक्लोस्पोरिन निघालं. जपानमधल्या त्सुकुबा डोंगराजवळच्या मातीतल्या जिवाणूपासून १९८४ मध्ये टॅक्रोलिमस मिळालं. ईस्टर बेटाच्या मातीनं सिरोलिमस दिलं. त्या बेटाचं स्थानिक नाव रापा नुई, म्हणून औषधाचं पहिलं नाव रापामायसिन. मातीत राहणारे हे जीव एकमेकांना आवरण्यासाठी जी रसायनं तयार करतात, त्यांनी माणसाच्या रोगप्रतिकारक पेशींनाही आवरलं. १९८३ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं बोलावलेल्या तज्ज्ञांनी यकृत प्रत्यारोपण हा आता प्रयोग राहिलेला नाही, उपचार आहे, असं ठरवलं. भारतात १९९४ ला अवयव प्रत्यारोपणाचा कायदा झाला. १९९८ मध्ये दिल्लीत कांचीपुरमच्या वीस महिन्यांच्या एका मुलाला त्याच्या वडिलांच्या यकृताचा तुकडा बसवला गेला. तो मुलगा पुढे स्वतःच डॉक्टर झाला.

आज चांगल्या केंद्रांत दहापैकी नऊ रुग्ण पहिलं वर्ष पार करतात. वर्ष पार केलेला माणूस पुढे दहा, वीस, तीस वर्षं जगू शकतो. मग त्याला तेच सगळं गाठतं जे आपल्याला गाठतं. शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल, ढेरी. फक्त त्याला ते लवकर गाठतं आणि अधिक संख्येनं गाठतं, कारण त्याला जिवंत ठेवणारी औषधंच त्या दिशेला ढकलत असतात.

टॅक्रोलिमसचं उदाहरण घेऊ. आपल्याकडच्या बहुतेक रुग्णांच्या डब्यात हीच गोळी असते. सकाळी आठ, रात्री आठ, मध्ये बारा तासांचं अंतर, आणि त्यात हयगय नाही. टी-पेशी चवताळून नव्या यकृतावर धावून जाण्यासाठी कॅल्सिन्युरिन नावाचं एक विकर लागतं. टॅक्रोलिमस त्या विकराला जखडतं आणि पेशी शांत राहते. पण हेच विकर स्वादुपिंडात इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींतही काम करत असतं. औषधाला पत्ता वाचता येत नाही. ते दोन्हीकडे कडी लावतं, आणि इन्सुलिनचा पुरवठा कमी पडू लागतो. त्याच सुमारास प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइड, चालू असतं. ते इन्सुलिनला बोथट करतं. एकानं इन्सुलिनचं उत्पादन घटवायचं आणि दुसऱ्यानं आलेला माल कुचकामी ठरवायचा, अशी ही जोडी. आधी मधुमेह नसलेल्यांपैकीही बऱ्याच जणांना प्रत्यारोपणानंतर तो जडतो, त्याचं मूळ इथे आहे. तात्यांना शुगर आधीपासूनच होती. किंबहुना तिच्या आणि पोटातल्या चरबीच्या जोडीनंच त्यांचं जुनं यकृत निकामी केलं. आयुष्यात थेंब न घेतलेल्या माणसाला, "तात्या, कधीपासून घेत होता?" हे किती जणांनी विचारलं याची मोजदादही काकूंच्या वहीत असायला हवी होती. 

शुगर तपासण्यातली एक खोच इथे सांगून ठेवतो, कारण तालुक्याच्या लॅबमध्ये ती हमखास निसटते. स्टेरॉइडची गोळी सकाळी घेतात. तिचा जोर दुपारनंतर चढतो आणि रात्री उतरतो. त्यामुळे सकाळची उपाशीपोटीची शुगर ९५ येते, सगळे निर्धास्त होतात, आणि संध्याकाळी पाचला तीच २६० असते. पहिल्या काही महिन्यांत तीन महिन्यांची सरासरी दाखवणाऱ्या एचबीए१सी चाचणीवरही फार विसंबता येत नाही. रक्त कमी झालेलं असतं, बाहेरचं दिलेलं असतं. ज्या तांबड्या पेशींवरून ही सरासरी काढायची त्याच नव्या किंवा परक्या असतात. तेव्हा दुपारच्या जेवणानंतरची आणि संध्याकाळची शुगर बघा, असं घरच्यांना कुणीतरी सांगावं लागतं. ऑपरेशननंतरच्या पहिल्या आठवड्यांत जवळपास सगळ्यांचीच साखर चढते, म्हणून मधुमेहाचा शिक्का मारायची घाईही करत नाहीत. दीड-दोन महिने थांबतात, स्टेरॉइड उतरू देतात, मग ठरवतात.

बीपी आणि मूत्रपिंडाचा मामला याहून गुपचूप चालतो. टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिन मूत्रपिंडात रक्त आणणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात. बीपी वाढतं, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनीन वर सरकतं आणि दुखत काहीच नाही. अमेरिकेतल्या सुमारे ६९ हजार रुग्णांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात यकृत मिळालेल्यांपैकी साधारण १८ टक्के लोकांचं मूत्रपिंडाचं काम पाच वर्षांत गंभीररीत्या खालावलेलं आढळलं. यामुळेच डॉक्टर पहिल्या वर्षानंतर डोस हळूहळू खाली आणतात, कधी जोडीला दुसरं औषध देऊन टॅक्रोलिमस कमी करतात. सगळी कसरत एका मिलिलिटर रक्तात पाच-सात नॅनोग्रॅम औषध राखण्याची. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा शंभर कोटींवा भाग. त्याच्या खाली गेलं तर शरीर यकृत नाकारतं, वर गेलं तर मूत्रपिंड आणि साखर बिघडतात, हात कापतात. ही 'लेव्हल' बघायची तर रक्त सकाळची गोळी घेण्याआधी द्यावं लागतं. घाईत गोळी घेऊन लॅबमध्ये गेलेला माणूस भलताच मोठा आकडा घेऊन येतो आणि फोनवर डोस कमी करून घेतो. असं झालेलं मी पाहिलंय. आकडा खोटा होता, भीती खरी.

भेटायला येणाऱ्यांनी आणलेली शहाळी या हिशेबात कुठे बसतात? आपल्याकडे आजाऱ्याला शहाळं म्हणजे निरुपद्रवी चांगुलपणाची परमावधी. पण टॅक्रोलिमस रक्तातलं पोटॅशियम वाढवतं आणि नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर. एखादं शहाळं कुणाला मारत नाही. दिवसाला तीन, तीही मूत्रपिंड दबलेल्या माणसाला, हा मात्र खेळ नव्हे. पपनसाचं तर सरळच सांगतात: नको. ग्रेपफ्रूट आणि त्याचं हे थोरलं भावंड यांच्यातले घटक आतड्यातलं औषध मोडणारं विकर बंद पाडतात. मग तीच गोळी दुप्पट अंगावर येते. गणपतीच्या दिवसांत कोकणातून पपनसं येतात, तेव्हा ही आठवण हवी. उलट क्षयरोगावरचं रिफॅम्पिसिन तेच विकर इतकं जागं करतं की गोळी रक्तात पोचण्याआधीच फस्त होते. आणि जुलाब लागले तर औषध वाहून जाऊन लेव्हल घसरेल असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ती बहुधा वाढते, कारण औषध मोडणारं आतड्याचं अस्तरच तात्पुरतं दुबळं होतं.

गुळवेलीबद्दल बोललं की लोक रागावतात, पण बोलायला हवं. करोनाच्या पहिल्या वर्षात घरोघर गुळवेलीचे काढे उकळले. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी, गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानं तिच्यावर आक्षेप घेतला, वाद झाला. तो वाद बाजूला ठेवला तरी प्रत्यारोपण झालेल्या माणसापुरता प्रश्न सोपा आहे. गुळवेल घेतात ती प्रतिकारशक्ती जागवण्यासाठी, आणि याच्या सगळ्या गोळ्या चालू आहेत त्या प्रतिकारशक्तीला झोपवून ठेवण्यासाठी. पाळण्यातल्या पोराला थोपटायचं आणि त्याच वेळी दारात ताशा लावायचा, असा तो प्रकार.

आता पुन्हा तात्यांच्या स्वयंपाकघरात. आईंनी लेकासाठी घरचं तूप राखलंय. डिंकाचे लाडू झाले, अहळिवाचे झाले. बाळंतिणीला जे जे द्यायचं ते सगळं. पोट फाडलंय म्हणजे ओली जखम, मग शिरा हवा, तुपात पोहणारा. काकूंनी एकदा म्हणून पाहिलं, "आई, डॉक्टरांनी तूप कमी करा म्हणून सांगितलंय." त्यावर उत्तर आलं, "डॉक्टरनं त्याला उपाशी बघितलाय का? मी बघितलाय." या वाक्यापुढे आहारतज्ज्ञाचा छापील तक्ता काय टिकणार! दोन वर्षं जेवणाचा वासही सहन न झालेला मुलगा मागून खातोय, हे सुख एका आईला नाकारायचं कुणी?

मला वाटतं, इथे 'कमी खा' हा सल्लाच निकामी आहे. त्याऐवजी ताटातली अदलाबदल सांगावी. या माणसाला प्रथिनं नेहमीपेक्षा जास्त लागतात. दर किलो वजनामागे दिवसाला सव्वा ते दीड ग्रॅमपर्यंत. ५९ किलो ड्राय वेटच्या तात्यांना म्हणजे ऐंशी ग्रॅमच्या आसपास. दोन भाकरी, वाटीभर आमटी आणि भात यांत ती जमत नाहीत. आमटीची वाटी हलवून पाहा, डाळ तळाशी किती असते ते. घट्ट वरण, उसळ, उकडलेली अंडी, दही, पनीर, खात असतील त्यांना नीट शिजवलेले मासे आणि चिकन, असं सकाळपासून रात्रीपर्यंत वाटून घालावं लागतं. मोड आलेले मूग चांगले, पण शिजवून; कच्च्या मोडांत जंतूंना उबदार घर मिळतं. बाहेरची कापलेली फळं, गाड्यावरची पाणीपुरी, कच्चं दूध या गोष्टी वर्ज्य. आणि एकादशीची साबुदाण्याची खिचडी ही उपवासाची कमी आणि स्टार्चची मेजवानी जास्त, हे तात्यांनाही ठाऊक आहे.

प्रथिनांनी नुसता माल येतो. बांधकाम व्हायचं तर स्नायूंना काम पडायला हवं. पहिले दोन-तीन महिने जड उचलायचं नाही, कारण पोटावरचा तो मोठा छेद सांधायला वेळ घेतो आणि घाई केली तर हर्निया होतो. पण चालायला कुणी अडवलेलं नसतं. नंतर दंडाला आणि मांडीला भार हवा. साधी कसोटी अशी: हात छातीवर बांधून खुर्चीतून पाच वेळा उठबस करायची. पंधरा सेकंदांच्या वर वेळ लागला तर मांड्यांत जोर उरलेला नाही. ७४ किलोंच्या तात्यांना एकवीस सेकंद लागले, तिसऱ्या वेळेला त्यांनी खुर्चीचा हात धरला, तो धरून. 'तब्येत सुधारली' म्हणणाऱ्यांपैकी हे कुणाला दिसलं नव्हतं.

इथे एक गोष्ट मनात येते, ती १९८४ ची. टेक्ससच्या सहा वर्षांच्या एका मुलीच्या रक्तात जन्मतःच कोलेस्टेरॉल साचत होतं, हजाराच्या वर. कोलेस्टेरॉल रक्तातून उचलून घेणारी यंत्रणा तिच्या यकृतात नव्हतीच, आणि एवढ्या वयात तिचं हृदय निकामी झालं होतं. १४ फेब्रुवारीला पिट्सबर्गमध्ये स्टार्झल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिला हृदय आणि यकृत दोन्ही बसवलं. नव्या यकृतानं कामाला लागताच कोलेस्टेरॉल तीनशेच्या आसपास खाली आणलं. ती आणखी साडेसहा वर्षांहून जास्त जगली. यकृत बदललं की शरीराचा सगळा कारभार बदलतो, असं या गोष्टीवरून वाटेल. तिच्या बाबतीत दोष यकृतातच होता, म्हणून बदलला. तात्यांचा दोष मात्र यकृतात उगवलेला नव्हता. तो पोटातल्या चरबीत, बसून काढलेल्या तीस वर्षांत आणि रात्री दहाच्या जेवणात होता. काकूंचं चांगलं, तजेलदार यकृत त्याच वातावरणात आणून बसवलंय. अशा रुग्णांमध्ये नव्या यकृतातही पुन्हा चरबी दिसू लागते. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'फॅटी' हा शब्द परत छापून येतो, कधी कधी वर्ष-दोन वर्षांतच.

हो, यकृत काकूंचं आहे. आपल्या देशात मृत व्यक्तींकडून मिळणारी यकृतं गरजेच्या मानानं फार थोडी, त्यामुळे बहुतेक प्रत्यारोपणं घरातल्या जिवंत दात्याच्या यकृतावर होतात. दाता म्हणून पुढे येणाऱ्यांत बायको, आई, मुलगी, बहीण यांची गर्दी जास्त असते. याचा अभिमान बाळगावा की विचार करावा, हे ज्याचं त्यानं ठरवावं. मी विचार करतो. काकूंची तपासणी झाली तेव्हा त्यांच्याही यकृतात चरबी निघाली. जास्त चरबीचा तुकडा नीट रुजत नाही, म्हणून डॉक्टरांनी मुदत दिली. त्यांनी भात सोडला, पहाटे पाचला कृष्णेच्या घाटापर्यंत चालल्या आणि सात आठवड्यांत सहा किलो उतरवले. पुन्हा तपासलं तर चरबी जवळपास गेलेली. अर्ध्याहून अधिक यकृत त्यांनी दिलं, आणि उरलेलं तीनेक महिन्यांत वाढून जवळपास पहिल्याएवढं झालं. म्हणजे एकाच घरात, एकाच चुलीवर, यकृतातली चरबी औषधाशिवाय उतरवून दाखवणारं माणूस होतं. त्यांना कुणी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. ऑपरेशननंतर त्यांचं चालणं सुटलं. तात्यांच्या गोळ्या, तात्यांची लेव्हल, तात्यांचा शिरा.

आयुष्याची प्रत कशी आहे, हे विचारायला संशोधकांकडे लांबलचक प्रश्नावल्या असतात. जिने चढता का, दुखतं का, मन उदास असतं का, चारचौघांत मिसळता का. प्रत्यारोपणाआधी आणि नंतर त्या भरून घेतल्या की फरक मोठा येतो, आणि बहुतेक सगळ्या रकान्यांत चांगल्या बाजूला. तरीही निरोगी शेजाऱ्याएवढे गुण पडत नाहीत. शरीराच्या ताकदीचे रकाने मागे राहतात आणि थकवा वर्षानुवर्षं रेंगाळतो. पण प्रश्नावलीत न येणाऱ्या गोष्टी मला जास्त बोलक्या वाटतात. टॅक्रोलिमसनं हात कापतो. तात्यांची बँकेतली सही जुळेना, तेव्हा काउंटरवरच्या मुलीनं तीन वेळा करायला लावली. शेवटी नवी, वेडीवाकडी सहीच नोंदवून घेतली. सायक्लोस्पोरिननं बायकांच्या चेहऱ्यावर लव येते, टॅक्रोलिमसनं केस गळतात. अंगात कणकण आली की घरात सगळे गप्प होतात. पोटावरच्या त्या छेदामुळे आणि 'काही झालं तर' या भीतीमुळे नवरा-बायको वर्षभर वेगळ्या खोल्यांत झोपतात आणि ओपीडीत कुणी विचारत नाही, म्हणून तसेच झोपत राहतात. तरुण मुलींची बंद पडलेली पाळी काही महिन्यांत परत येते, मूलही होऊ शकतं. फक्त वर्षभर थांबायचं आणि आधी औषधं तपासून घ्यायची, कारण मायकोफेनोलेटसारखी गोळी गर्भाला घातक असते. हे लग्न ठरवणाऱ्यांना कुणी सांगत नाही, आणि मुलगी सांगायला गेली तर ऐकत नाहीत.

दुसऱ्या टोकाला क्रिस क्लग आहे. अमेरिकेचा हा स्नोबोर्डपटू. जुलै २००० मध्ये त्याचं यकृत बदललं आणि फेब्रुवारी २००२ मध्ये सॉल्ट लेक सिटीच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये त्यानं कांस्यपदक घेतलं. तेव्हा त्याला यकृत मिळून दीड वर्ष झालं होतं. अर्थात तो आजारी पडण्याआधीही खेळाडूच होता, आणि आपण तात्यांना बर्फावर पाठवणार नाही. पण नव्या यकृतावर शरीर किती पेलू शकतं, याची वरची मर्यादा कुणाला हवी असेल तर ती एवढी उंच आहे.

पहिलं वर्ष उलटल्यावर या रुग्णांना काय होतं, हे पाहिलं तर मृत्यूच्या कारणांत हृदयविकार, कॅन्सर, जंतुसंसर्ग आणि मूत्रपिंड ही नावं वारंवार येतात. ज्याच्यासाठी जिवाचं रान केलं ते यकृत पुष्कळदा शेवटपर्यंत नीट चाललेलं असतं. मोठ्या शहरातला सर्जन तीन-सहा महिन्यांनी एलएफटी, म्हणजे यकृताच्या चाचण्या, आणि लेव्हल बघतो. मधल्या काळात कंबर, बीपी, संध्याकाळची शुगर बघणारा माणूस गावातला फॅमिली डॉक्टर असतो. आणि तो 'ट्रान्सप्लांटचा पेशंट' म्हटलं की हात लावायला कचरतो. बीपीची गोळीही मुंबईला फोन करून विचारा, म्हणतो. त्याची भीती अगदीच अनाठायी नाही. डिल्टियाझेमसारखी बीपीची गोळी टॅक्रोलिमसची लेव्हल चढवते आणि कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या सायक्लोस्पोरिनबरोबर स्नायूंना बाधतात. एक कागद पुरेसा असतो: काय चालेल, काय चालणार नाही. तो कागद मागून घ्यायला रुग्ण विसरतात आणि द्यायला सर्जन.

गेल्या रविवारी मुलगी पुण्याहून आली होती. तिनं शिलाई मशीनच्या खणातून टेप काढली. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत हवी, बाईची ८० च्या. "बाबा, पोट आत ओढू नका, श्वास सोडा." तात्यांनी सोडला. १०१. आजी दारातून म्हणाल्या, "माझ्या लेकाला मोजू नका गं, नजर लागते." मुलगी हसली, वहीत नवा रकाना आखला, आकडा लिहिला. टेप गुंडाळायला घेतली तेवढ्यात तात्या म्हणाले, "थांब. तिची पण घे."

काकू स्वयंपाकाच्या ओट्याजवळ होत्या. हात पुसत आल्या, पदर सावरून उभ्या राहिल्या. ८७. मुलीनं तो आकडा त्याच पानावर, शेजारी लिहिला.